पेनड्राइव्ह बूट होत नाही? आधी घोडं कुठे अडलंय ते शोधा

ऑपरेटिंग सिस्टीम टाकायला बनवलेला पेनड्राइव्ह चालला नाही, की बहुतेक जण तोच पेनड्राइव्ह त्याच फाइलमधून त्याच सॉफ्टवेअरने पुन्हा बनवायला बसतात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून असे वैतागलेले लोक माझ्याकडे जास्तच येतात. कुणाला विंडोज ११ टाकायचं असतं, कुणाला जुन्या लॅपटॉपवर लिनक्स. त्यांना मी आधी एवढंच विचारते, की स्क्रीनवर नेमकं काय दिसलं? बूट मेनूत (मशिन कशावरून सुरू करायचं ते निवडायच्या यादीत) पेनड्राइव्हचं नावच आलं नाही? नाव आलं, पण निवडल्यावर काळी स्क्रीन आली? की इन्स्टॉलर नीट सुरू झाला आणि पुढे जाऊन डिस्क सापडत नाही म्हणाला? या तीन तक्रारींची कारणं पूर्ण वेगळी आहेत. तिसऱ्या तक्रारीत तर पेनड्राइव्ह बहुधा ठणठणीत असतो. तो पुन्हा बनवून काहीही बदलणार नसतं.

म्हणून स्क्रीनचा फोटो काढून ठेवा. संदेश शब्दशः हवा, आठवणीतला नको.

फाइल आणि पेनड्राइव्ह

फाइल तपासायला दोन मिनिटं लागतात, म्हणून ते काम मी सगळ्यात आधी उरकते. उबुंटू, फेडोरा, डेबियन हे लिनक्सचे प्रकार (डिस्ट्रो) आयएसओ फाइलसोबत, म्हणजे इन्स्टॉलरच्या एकसंध फाइलसोबत, तिचा शा-२५६ हॅश देतात. फाइलमधल्या डेटावरून काढलेली चौसष्ट अक्षरं-अंकांची ती ओळ असते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘सर्टयुटिल’ला ‘हॅशफाइल’ हा पर्याय, फाइलचं नाव आणि शेवटी शा-२५६ असं दिलं की तुमच्या फाइलचा हॅश मिळतो. लिनक्सवर त्यासाठी ‘शा२५६सम’ आहे. दोन ओळी अक्षरन्‌अक्षर जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर फाइल पुन्हा उतरवा. पुन्हा उतरवूनही जुळत नसेल आणि दर वेळी वेगळाच हॅश येत असेल, तर इंटरनेटला दोष देण्याआधी त्या कॉम्प्युटरची रॅम तपासा. खराब रॅममुळे फाइल डिस्कवर जातानाच बिघडते, आणि अशा मशिनवर बनवलेला कुठलाही पेनड्राइव्ह भरवशाचा नाही. मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू ठेवलं की खरं-खोटं कळतं.

पेनड्राइव्ह विंडोजसाठी निदान ८ जीबीचा हवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो खरा हवा. आकडा ६४ चा आणि आत चिप ८ जीबीची, असे पेनड्राइव्ह सर्रास विकले जातात. त्यांचा कंट्रोलर कॉम्प्युटरला खोटा आकडा सांगतो. लिहिताना कुठलीही एरर येत नाही. खरी जागा संपल्यावर पुढचा डेटा नुसता हरवतो किंवा आधीच्या डेटावर लिहिला जातो. लक्षण असं, की इन्स्टॉलर सुरू होतो, बराच पुढे जातो आणि एखादी फाइल वाचता येत नाही म्हणून थांबतो. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफ३ ही छोटी सॉफ्टवेअर्स पेनड्राइव्ह पूर्ण भरून परत वाचून बघतात. नवीन आणलेला प्रत्येक पेनड्राइव्ह मी एकदा यातून काढते.

लिहिण्याची पद्धत

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर कॉपी-पेस्ट करून भागत नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण लिनक्सची आयएसओ आणि विंडोजची आयएसओ यांची जात वेगळी आहे, हे फारसं कुणी सांगत नाही आणि अर्धा घोळ तिथेच होतो. लिनक्सच्या बहुतेक आयएसओ ‘हायब्रिड’ असतात. डिस्कला लागणारं पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठे आहेत त्याची नोंद, त्या फाइलमध्येच असतं, त्यामुळे ती जशीच्या तशी, बाइटला बाइट, पेनड्राइव्हवर उतरवली तरी तो बूट होतो. डीडी (लिनक्सची एक कमांड) आणि एचर (पेनड्राइव्ह बनवायचं सॉफ्टवेअर) हेच करतात. विंडोजच्या आयएसओमध्ये तसं पार्टिशन टेबल नसतं. ती डीडीने उतरवली तर काम पूर्ण झाल्यासारखं दिसतं, पण बूट मेनूत त्या पेनड्राइव्हचा पत्ता नसतो. एचर अशी फाइल निवडल्यावर पार्टिशन टेबल नसल्याचा इशारा देतो, लोक तो न वाचता पुढे जातात. विंडोजसाठी रूफस किंवा मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल वापरा.

लिनक्सची हायब्रिड आयएसओ दिल्यावर रूफस विचारतो, की आयएसओ मोडमध्ये लिहू की डीडी मोडमध्ये? आयएसओ मोडमध्ये तो फाइली फॅट३२ या फाइल सिस्टीमच्या (फाइली मांडायच्या पद्धतीच्या) पार्टिशनवर सुट्या करून ठेवतो, म्हणजे उरलेली जागा वापरता येते. पण काही डिस्ट्रो आपला पेनड्राइव्ह त्याच्या लेबलवरून शोधतात. फॅट३२ मध्ये लेबल जास्तीत जास्त ११ अक्षरांचं असतं आणि फेडोरासारख्यांचं मूळ लेबल त्याहून लांब असतं. रूफस बूट मेनूतलं नाव बदलून हे जमवून घेतो. हाताने फाइली कॉपी केल्या तर ते राहून जातं. मग ग्रबचा, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या बूटलोडरचा, मेनू येतो, कर्नल (लिनक्सचा गाभा) सुरू होतो, आणि थोड्या वेळाने ड्रॅकट या सुरुवातीच्या प्रोग्रामच्या टाइमआउटच्या ओळी एकाखाली एक पडायला लागतात. तसं झालं तर वाद न घालता डीडी मोडमध्ये लिहा.

लिनक्सवरून डीडी चालवत असाल तर डिस्कचं नाव दोनदा बघा. माझी पद्धत अशी: पेनड्राइव्ह लावण्याआधी ‘एलएसबीएलके’ (डिस्कची यादी देणारी कमांड) चालवायचं, लावल्यावर परत चालवायचं, आणि दोन याद्या शेजारी ठेवायच्या. दुसऱ्या यादीत जी ओळ नव्याने आली ती आपली. समजा ती ‘एसडीबी’ आहे आणि तिच्याखाली फांदीसारखी ‘एसडीबी१’ आहे. आकार बघून खात्री करा. १६ जीबीचा पेनड्राइव्ह तिथे साधारण १४ आणि वर काही दशांश असा दिसतो, त्यात गैर काही नाही. उजवीकडच्या रकान्यात माउंट झालेली (वापरासाठी जोडलेली) जागा दिसत असेल तर आधी अनमाउंट करा. लिहायचं आहे ते ‘एसडीबी’वर. ‘एसडीबी१’वर लिहिलंत तर पार्टिशन टेबल डिस्कच्या सुरुवातीला न पडता पार्टिशनच्या आत पडतं, आणि फर्मवेअरला (मशिन सुरू करणाऱ्या आतल्या प्रोग्रामला) ते सापडतच नाही. तिथे चुकून घरातल्या डेटाच्या डिस्कचं नाव पडलं तर तो डेटा गेला, म्हणून कमांड टाइप करून झाल्यावर एंटर दाबण्याआधी मी नाव मोठ्याने वाचते.

डीडीचा आकडा झरझर शेवटापर्यंत पोचतो तेव्हा बराचसा डेटा अजून रॅममध्येच असू शकतो. कमांडला ‘एफसिंक’चा पर्याय जोडा किंवा नंतर ‘सिंक’ चालवा, आणि प्रॉम्प्ट परत येईपर्यंत पेनड्राइव्हला हात लावू नका. घाईने ओढून काढलेला पेनड्राइव्ह बूट मेनूत दिसतो, ग्रबपर्यंत नेतो आणि मग लाइव्ह फाइल सिस्टीम सापडली नाही म्हणून हात वर करतो.

रूफसमध्ये ‘अॅक्सेस डिनाइड’ आलं तर पेनड्राइव्ह उघडी असलेली एक्सप्लोररची खिडकी बंद करा, आणि विंडोज सिक्युरिटीमधला ‘कंट्रोल्ड फोल्डर अॅक्सेस’ चालू आहे का बघा. बऱ्याचदा तोच आडवा येतो.

लिहून झाल्यावर लिनक्सचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये लावला की ‘डिस्क फॉरमॅट करा’ असा संदेश येऊ शकतो, किंवा ड्राइव्ह काही एमबींचाच दिसतो. घाबरू नका आणि फॉरमॅट दाबू नका. विंडोजला त्यावरची फाइल सिस्टीम वाचता येत नाही, एवढंच त्याचं कारण.

चार जीबीची भिंत

विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये ‘सोर्सेस’ फोल्डरात ‘इन्स्टॉल डॉट विम’ नावाची एक अजस्र फाइल असते. सगळं विंडोज त्या एका फाइलमध्ये दाबून भरलेलं आहे. हल्लीच्या आयएसओमध्ये ती ४ जीबीच्या पुढे जाते, आणि फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असूच शकत नाही. दुसरीकडे, काढता येणाऱ्या डिस्कवरून बूट करताना यूईएफआयने, म्हणजे आजच्या मशिन्समधल्या फर्मवेअरने, फॅट वाचावी एवढीच त्याच्या प्रमाणित नियमांची हमी आहे. विंडोजची नेहमीची एनटीएफएस फाइल सिस्टीम वाचता येणारं फर्मवेअर काही मशिन्सवर असतं, काहींवर नसतं. म्हणजे फॅट३२ घ्यावी तर फाइल मावत नाही, आणि एनटीएफएस घ्यावी तर काही मशिन्सना पेनड्राइव्ह दिसत नाही. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतो, तिच्या लॅपटॉपवर नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

यातून बाहेर पडायचे तीन रस्ते आहेत. रूफस मुख्य भाग एनटीएफएस करतो आणि पेनड्राइव्हच्या शेवटी १ एमबीचं एक चिमुकलं फॅट पार्टिशन ठेवतो. त्यातला ‘यूईएफआय एनटीएफएस’ नावाचा छोटा प्रोग्राम आधी सुरू होतो, एनटीएफएसचा ड्रायव्हर चढवतो आणि पुढची सूत्रं विंडोजच्या बूटलोडरकडे देतो. हे पार्टिशन ‘फालतू दिसतंय’ म्हणून उडवणारे लोक मी पाहिले आहेत. ते गेलं की पेनड्राइव्ह गेला. त्यासाठी सिक्युअर बूट (सही नसलेला बूटलोडर अडवणारी सोय) बंद करा असा जुना सल्ला अजून फिरतो, पण आता त्या प्रोग्रामवर मायक्रोसॉफ्टची सही असते, बंद करायची गरज राहिलेली नाही.

दुसरा रस्ता मीडिया क्रिएशन टूलचा. ते विमऐवजी जास्त दाबलेली ‘इन्स्टॉल डॉट ईएसडी’ वापरतं, म्हणून फॅट३२ वर मावतं. तिसरा रस्ता फाइलचे तुकडे करण्याचा. विंडोजमध्ये डिझम कमांडचा ‘स्प्लिट-इमेज’ पर्याय आणि लिनक्सवर विमलिब हे काम करतात. तुकडा ३८०० एमबीचा ठेवा, नावांना ‘एसडब्ल्यूएम’ शेपूट येईल. ते तुकडे ‘सोर्सेस’मध्ये ठेवून मूळ विम काढून टाकली की सेटअप ते आपोआप जोडून घेतो. मला हा रस्ता सगळ्यात आवडतो, कारण असा साधा फॅट३२ पेनड्राइव्ह जवळपास कुठल्याही यूईएफआय मशिनला चालतो. एक अडचण येते: ३२ जीबीपेक्षा मोठ्या पेनड्राइव्हला विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत फॅट३२ चा पर्यायच दिसत नाही. तेवढ्यापुरतं रूफस वापरा किंवा विंडोजच्या डिस्कपार्ट कमांडने छोटं पार्टिशन करा.

बूट मेनू

पेनड्राइव्ह नीट लिहिलाय आणि तरी मशिन सरळ जुन्या विंडोजमध्ये शिरतं? आधी मशिन खरंच बंद झालंय का ते पाहा. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे, त्यामुळे ‘शट डाउन’ केल्यावर सिस्टीम अर्धी झोपलेली राहते आणि पुढच्या सुरुवातीला काही मशिन्स यूएसबीकडे ढुंकूनही बघत नाहीत. ‘रीस्टार्ट’ करा. त्याहून खात्रीचं म्हणजे शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. निळ्या स्क्रीनवर ‘यूज अ डिव्हाइस’ मिळतं आणि तिथून थेट पेनड्राइव्ह निवडता येतो. एरवी बूट मेनूची कळ कंपनीप्रमाणे बदलते: डेल आणि लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९, एमएसआय मदरबोर्डवर एफ११, असूसच्या मदरबोर्डवर एफ८ आणि लॅपटॉपवर एस्केप. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ१२ चा मेनू आधी फर्मवेअरच्या सेटअपमध्ये जाऊन चालू करावा लागतो.

आता तो मेनू नीट वाचा. बऱ्याच मशिन्सवर एकच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो: एका ओळीत नावाआधी ‘यूईएफआय’ असतं, दुसऱ्या ओळीत नुसतं नाव. दोन्ही एकच वाटतात आणि लोक वरची कुठली तरी निवडतात. ‘यूईएफआय’वाली ओळ निवडली की फर्मवेअर पेनड्राइव्हवरच्या ‘ईएफआय’ फोल्डरात ‘बूट’ फोल्डर आणि त्यात ‘बूटएक्स६४’ नावाची फाइल शोधतं. नुसत्या नावाची ओळ निवडली की मशिन यूईएफआयच्या आधीच्या, जुन्या बायोसच्या पद्धतीने, डिस्कच्या पहिल्या सेक्टरवरून सुरू होतं. इन्स्टॉलर दोन्हींत सारखाच दिसतो, पण तो ज्या पद्धतीने सुरू झाला त्याच पद्धतीने सिस्टीम टाकतो.

या एका निवडीतून एक फार गाजलेली एरर जन्माला येते. विंडोजचा सेटअप म्हणतो, की निवडलेली डिस्क जीपीटी (पार्टिशन टेबलचा नवा प्रकार) शैलीची असल्याने तिच्यावर विंडोज टाकता येत नाही. मग लोक डिस्क पुसून एमबीआर (जुना प्रकार) करतात आणि डेटा घालवतात. गरज काहीच नसते. तुम्ही जुन्या पद्धतीने बूट झाला आहात, एवढंच. रीस्टार्ट करा, ‘यूईएफआय’वाली ओळ निवडा, तीच डिस्क विनातक्रार घेतली जाईल. उलट तक्रार आली, म्हणजे डिस्क एमबीआर आहे आणि यूईएफआयला जीपीटी हवी, तर मायक्रोसॉफ्टचं ‘एमबीआर२जीपीटी’ फाइली न पुसता डिस्क बदलून देतं. तरी बॅकअप आधी घ्याच.

‘यूईएफआय’वाली ओळ दिसतच नसेल तर पेनड्राइव्ह कॉम्प्युटरमध्ये उघडा आणि ती ‘बूटएक्स६४’ आहे का बघा. नसेल तर लिहिण्यातच चूक आहे. फाइल असेल, तर रूफसमध्ये पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट यूईएफआय निवडून परत करा. जुन्या, सीएसएमवर (बायोसची जुनी पद्धत चालवणाऱ्या सोयीवर) चालणाऱ्या मशिनसाठी एमबीआर लागेल. काही जुन्या स्वस्त टॅब्लेट्समध्ये प्रोसेसर ६४ बिटचा आणि फर्मवेअर मात्र ३२ बिटचं असतं. त्यांना ‘बूटआयए३२’ नावाची फाइल हवी असते आणि ती नसेल तर पेनड्राइव्ह कितीही चांगला असो, दिसणार नाही.

पेनड्राइव्ह दिसतो, निवडला की लाल किंवा काळी चौकट येऊन सुरक्षेचा भंग झाल्याचं सांगते: हा सिक्युअर बूट. लगेच बंद करायला धावू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका सुरक्षा अपडेटने लिनक्सचे जुने बूटलोडर नाकारायला सुरुवात केली, आणि त्या संदेशात ‘शिम’ आणि ‘एसबॅट’ हे शब्द असतात. ते शब्द दिसले तर त्या डिस्ट्रोची ताजी आयएसओ उतरवा, काम होतं. व्हेन्टॉय (एका पेनड्राइव्हवर अनेक आयएसओ ठेवू देणारं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर पहिल्या वेळी निळ्या स्क्रीनवर त्याची किल्ली मशिनमध्ये नोंदवावी लागते. बंद करणं अगदी भागच असेल, तर आधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन, तपासा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सिक्युअर बूटला हात लावल्यावर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं, आणि ती कुठेच सापडली नाही तर डेटा अडकून पडू शकतो. नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर आपण न सांगताही चालू असू शकतो. म्हणून कुणाच्याही मशिनच्या फर्मवेअर सेटअपमध्ये शिरण्याआधी ही की मी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेते.

इन्स्टॉलर सुरू झाल्यावर

इथे आलात तर बूटचा प्रश्न सुटलेला आहे. ‘मीडिया ड्रायव्हर सापडत नाही’ असं विंडोजने म्हटलं, तर पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या पोर्टमध्ये, जमल्यास यूएसबी २ च्या, लावा आणि पुन्हा शोधायला सांगा. विंडोज ७ च्या आयएसओमध्ये यूएसबी ३ चे ड्रायव्हर नव्हतेच, त्यामुळे तिथे हे हमखास होतं. १० किंवा ११ मध्ये दिसलं आणि पोर्ट बदलून गेलं नाही, तर फाइल किंवा पेनड्राइव्ह खराब समजा. मशिनच्या मागचा पोर्ट पुढच्यापेक्षा बरा, आणि हब नकोच.

पेनड्राइव्ह चालतो, सेटअप चालतो, पण यादीत एकही डिस्क नाही, असं ११ व्या पिढीपासूनच्या इंटेल लॅपटॉपवर फार होतं. तिथे एसएसडी इंटेलच्या व्हीएमडी या स्टोरेज कंट्रोलरमागे असते आणि विंडोजच्या सेटअपकडे त्याचा ड्रायव्हर नसतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून ‘रॅपिड स्टोरेज’चा ड्रायव्हर उतरवा, उलगडून त्यातल्या ‘आयएनएफ’ फाइली दिसतील असा फोल्डर त्याच पेनड्राइव्हवर ठेवा आणि सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ दाबून तो फोल्डर दाखवा. डिस्क लगेच यादीत येते. फर्मवेअरच्या सेटअपमधून व्हीएमडी बंद करणं हाही उपाय आहे, पण डिस्कवरचं आधीचं विंडोज ठेवायचं असेल तर तो टाळा, कारण ते मग बहुधा बूट होणार नाही.

मॅकसाठी थोडक्यात: इन्स्टॉलरच्या पॅकेजमध्येच ‘क्रिएटइन्स्टॉलमीडिया’ असतं, टर्मिनलमधून तेच वापरा. इंटेल मॅकवर सुरू करताना ऑप्शन कळ धरायची, अॅपल सिलिकॉनवर पॉवरचं बटण दाबून धरायचं. टी२ चिप असलेल्या इंटेल मॅकवर आधी स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत बाहेरच्या डिस्कवरून बूट करायची परवानगी द्यावी लागते.

काम झालं की पेनड्राइव्ह मोकळा करायला विंडोजची फॉरमॅट खिडकी पुरत नाही, कारण तिला एकच पार्टिशन दिसतं. डिस्कपार्ट उघडा, ‘लिस्ट डिस्क’ने यादी काढा, आकारावरून पेनड्राइव्हचा क्रमांक ओळखून ‘सिलेक्ट डिस्क’ करा. मग परत एकदा ‘लिस्ट डिस्क’ चालवा; निवडलेल्या डिस्कसमोर चांदणी दिसते. ती योग्य ओळीवर असेल तरच ‘क्लीन’ टाका, कारण तो पुन्हा विचारत नाही. त्यानंतर नवं प्रायमरी पार्टिशन करून एक्सफॅटने फॉरमॅट केलं की पेनड्राइव्हची सगळी जागा परत मिळते.